पहिली घरभेट: टेप बाहेर काढायच्या आधी काय काय करायचं

नाशिकची मुलं-मुली ऑक्युपेशनल थेरपी (आजारपणानंतर रोजची कामं परत जमवून देणारी उपचारपद्धत) शिकायला मुंबईला, नागपूरला जातात आणि सुट्टीत घरी आली की माझ्याबरोबर पेशंटच्या घरी येतात. भेटीनंतर मी त्यांच्याकडून रिपोर्ट लिहून घेते. त्यात एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. दाराची रुंदी असते, उंबरठ्याची उंची असते, संडास भारतीय पद्धतीचा आहे हे असतं आणि खाली ठरलेल्या चार शिफारसी असतात: ग्रॅब बार (भिंतीला बसवलेली, धरून उठायची दांडी), कमोड खुर्ची, रॅम्प, न घसरणारी मॅट. पेशंट बदलला, घर बदललं, सिडकोतून निफाडच्या मळ्यात गेलो, तरी शिफारसी त्याच. आजी रात्री किती वेळा उठतात, त्यांना कोण उठवतं, दिवसातलं कोणतं काम त्यांना परत स्वतः करायचंय, याबद्दल एक ओळ नसते.

मुलं मेहनती आहेत, अभ्यासही पक्का असतो. चुकतो तो क्रम. घरात पाऊल टाकलं की टेप बाहेर येतो आणि मग पुढचा तासभर माणूस बाजूला राहून घराचंच असेसमेंट होतं. म्हणून मी ज्या क्रमाने घरभेट करते तो इथे सविस्तर देते. उदाहरणं पॅरालिसिसच्या पेशंटची आहेत, कारण विद्यार्थ्यांच्या वाट्याला सर्वांत आधी तेच येतात.

१. भेटीच्या दोन दिवस आधी: फाइल आणि फोन

फाइल वाचताना एवढं वहीत उतरवून घ्या: कोणती बाजू गेली आहे, त्या बाजूला स्पर्श आणि गरम-गार कळतं का, एका बाजूकडे दुर्लक्ष होतं का, बोलणं आणि समजणं कसं आहे, खांदा दुखतो का, बीपी-शुगरच्या गोळ्या कोणत्या वेळी घेतात, आणि शेवटचं पडणं कधी झालं. शेवटचा मुद्दा फाइलमध्ये बहुतेक वेळा नसतो, म्हणून तो फोनवर विचारा.

फोन करताना वेळ कोणती मागता याला फार महत्त्व आहे. विद्यार्थी सवयीने दुपारी चारची वेळ घेतात. चार वाजता आजींची अंघोळ झालेली असते, केस विंचरलेले असतात, घर आवरलेलं असतं आणि त्या दिवाणावर बसून तुमची वाट बघत असतात. अडचण सकाळी साडेसातला मोरीत असते. ती वेळ मागा. "अंघोळीला निघतात त्याच्या अर्धा तास आधी येऊ का?" असं सरळ विचारलं तर लोक नाही म्हणत नाहीत.

दिंडोरी-निफाडकडे मळ्यात जाणार असाल तर हंगाम विचारा. जानेवारी ते मार्च द्राक्षांची काढणी चालते, आणि ज्या सूनबाईंना तुम्ही उठवण्या-बसवण्याची पद्धत शिकवणार त्याच बागेत असतात. छाटणीच्या दिवसांतही तसंच. आणि थंडीतली सकाळ मुद्दाम एकदा बघाच. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा पार खाली येतो, हातपाय जास्त ताठतात, आणि ओपीडीत दुपारी बघितलेला पेशंट तोच आहे का, असा प्रश्न पडतो.

जुन्या नाशकात जायचं असेल तर पत्त्यावर भरवसा ठेवू नका. भद्रकाली, रविवार कारंजा या बाजूच्या गल्ल्यांत रिक्षा शेवटपर्यंत जाईलच असं नाही. जवळची पिठाची गिरणी, देऊळ, दुकान अशी खूण घ्या. रिक्षा जिथे थांबते तिथून दारापर्यंत किती पावलं आहेत तेही मोजा. पेशंटला ओपीडीला यायला तेवढंच चालावं लागतं.

*थांबा:* मार्गदर्शक सर-मॅडमना न सांगता आणि एकट्याने पहिली घरभेट करायची नाही. दोघांनी जा. एक पेशंटजवळ, एक लिहायला.

२. बॅगेत काय हवं

पाच मीटरचा स्टीलचा टेप, बीपीचं मशीन, पेशंटच्या कमरेला बांधायचा पट्टा, वही, पेन्सिल, बार्थेल इंडेक्सचा (रोजची कामं पेशंट किती स्वतः करतो याला गुण देणारी यादी) कोरा फॉर्म आणि एक खडू. खडू कशाला, ते सहाव्या टप्प्यात सांगते. मोबाइल आहेच, पण फोटो विचारल्याशिवाय नाही आणि चेहरा येईल असा तर नाहीच.

३. दारात आणि पहिली दहा मिनिटं

चपला दाराबाहेर काढताना पेशंटच्या चपला कुठे आहेत ते बघा. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आपण पेशंटला बूट-सँडल घालून चालवतो. पाऊल लटकू नये म्हणून दिलेली एएफओ स्प्लिंटसुद्धा त्या बुटातच बसते. आपल्याकडे घरात चपला घालत नाहीत. मग घरी आल्यावर बूट निघतो, त्याबरोबर स्प्लिंट निघते, आणि पेशंट गुळगुळीत फरशीवर अनवाणी, पाऊल ओढत चालतो. कोणी नुसती प्लास्टिकची स्प्लिंट घालून फरशीवर चालतं, ते तर आणखी घसरडं. "स्प्लिंट वापरत नाहीत, कोऑपरेट करत नाहीत" असा शेरा मारण्याआधी हे बघा. घरातल्या घरात वापरायचा वेगळा, कधीच बाहेर न नेलेला जोड ठेवायला बहुतेक घरं तयार होतात. देवघराच्या खोलीत चालेल का, ते मात्र घरच्यांनाच विचारा.

ओळख करून देताना "आम्ही फिजिओ नाही" अशी सुरुवात करू नका. "व्यवसायोपचार" म्हटलं तर घरातला तरुण मुलगा विचारतो, "म्हणजे बाबांना काम लावून देणार का?" त्याचं काहीच चूक नाही, शब्दच तसा आहे. सरळ सांगा: "आजी, आजारपणाआधी तुम्ही दिवसभरात काय काय करायचात आणि आता त्यातलं काय अडतंय, ते बघायला आलो. त्यातलं काय परत जमवता येईल ते आपण मिळून बघू."

प्रश्न पेशंटला विचारा, बोलणं गेलेलं असलं तरीही. हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न करा आणि मानेकडे, डोळ्यांकडे बघत थांबा. घरचे मध्येच उत्तर देतात, तेव्हा "एक मिनिट, त्यांचं ऐकू दे" एवढं म्हणायला धीर लागतो, पण म्हणा. पहिला प्रश्न माझा नेहमी एकच असतो: "उद्या सकाळी एकच गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय करता आली, तर कोणती कराल?" सीओपीएम (पेशंटनेच आपल्या अडलेल्या कामांना गुण द्यायची मुलाखत) शिकलेले विद्यार्थी इथे लगेच एक ते दहाचे आकडे विचारू लागतात. आकडे नंतर विचारा. आधी गोष्ट कळू दे.

चहा येईल. तो पेशंटबरोबर प्या. कप कोणत्या हाताने धरतात, ठसका लागतो का, ओठाच्या कडेने सांडतं का, हे सगळं त्या पाच मिनिटांत दिसतं. चहा पिताना ठसका लागला, आवाज ओलसर झाला तर ते रिपोर्टमध्ये पहिल्या पानावर लिहायचं आणि त्याच दिवशी सर-मॅडमना सांगायचं.

४. अख्खा दिवस उलगडून घ्या

झोपेतून उठल्यापासून पुन्हा झोपेपर्यंत, आणि त्यानंतरची रात्रही. विद्यार्थी रात्र विसरतात. रात्री लघवीला किती वेळा उठतात, दिवा कुठे आहे, कोणाला हाक मारतात, ते माणूस जवळ झोपतं का वरच्या मजल्यावर, हे विचारा.

इथे आपल्या भाषेचा एक सापळा आहे. "अंघोळ करतात का?" विचारलं की घरचे "हो, रोज होते की अंघोळ" म्हणतात आणि तुम्ही बार्थेलमध्ये अंघोळीचे पूर्ण पाच गुण देऊन मोकळे होता. अंघोळ होते, जेवण होतं, कपडे होतात. पण करतं कोण? पाणी कोणी काढलं, तांब्या कोणाच्या हातात होता, पाठ कोणी चोळली, साडी कोणी नेसवली, असं तुकड्या-तुकड्याने विचारा. बार्थेलच्या दहा कामांत पेशंट रोज *काय करतो* ते मांडायचं असतं, ठरवलं तर काय करू शकेल ते नाही. "तशी त्या करू शकतात, पण वेळ लागतो म्हणून मीच घालते" या वाक्याला गुण कमी मिळतात. वहीत मात्र त्या वाक्याखाली रेघ ओढा, कारण पुढचं बरंचसं काम तिथूनच निघणार आहे.

*तपासा:* या टप्प्याच्या शेवटी वहीत निदान एक काम असं हवं, की जे पेशंटने स्वतःच्या तोंडाने मागितलंय. ते नसेल तर पुढे जाऊ नका.

५. काम होताना बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टेप अजूनही बॅगेतच.

आधी बीपी, बसून आणि उभं राहिल्यावर. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, चक्कर आली, तर बसवा आणि तसं लिहा. १८०/११० च्या वर असेल तर चालवून बघायचं नाही, मार्गदर्शकांना फोन करायचा. तुमच्यासमोर अचानक बोलणं जड झालं, तोंड वाकडं झालं, नव्याने ताकद गेली, तर असेसमेंट तिथेच थांबवून १०८ ला फोन.

पट्टा बांधा. कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागे उभे राहा. लुळ्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही. त्या हाताचा खांदा सैल झालेला असतो आणि असं ओढूनच तो निखळतो, दुखणं मागे लागतं. घरचेही काखेत हात घालून उचलत असतील, तेही आत्ताच नजरेत ठेवा.

मग सांगा: "रोज जसं करता तसंच करा, आम्ही नाही असं समजा." आणि गप्प राहा. अडलं की मनात दहापर्यंत मोजा. पडण्याचा धोका दिसला तर अर्थातच मोजत बसायचं नाही, लगेच सावरायचं. विद्यार्थ्यांना ही शांतता सहन होत नाही. "पाय उचला, हं, आता वळा" अशी सूचनांची रांग लागते, आणि मग पेशंट एकटा असताना काय करतो हे कळतच नाही.

सिडकोतल्या एका रो-हाऊसमधल्या मावशींची सकाळ सांगते. डावी बाजू गेलेली. ओपीडीत काठी घेऊन त्या छान चालायच्या, आणि घरी मात्र मोरीत जाताना दोनदा पडल्या होत्या. माझ्याबरोबरच्या विद्यार्थिनीने फरशी ओली असणार असं गृहीत धरून मॅट लिहायला घेतली होती. आम्ही बघत उभ्या राहिलो. मावशी पलंगावरून नीट उठल्या, पॅसेजमधून नीट आल्या, मोरीच्या दारापाशी थांबल्या. दाराला वरच्या बाजूला कडी. उजव्या हातात काठी, डावा हात लुळा. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, उजव्या हाताने कडी काढली, आणि दार बाहेर, त्यांच्याच अंगावर उघडलं. मागे सरकायला पाऊल घेतलं ते डावं. काठी खाली पडली. त्या क्षणी मी पट्टा धरलेला होता म्हणून बरं. फरशी कोरडी ठणठणीत होती.

उपाय काय झाला? दिवसा दार उघडंच ठेवून आत जाड पडदा लावला. काठीला मनगटात अडकेल असा नाडीचा फास बांधला. पुढे सुताराने दाराच्या बिजागऱ्या बदलून दिल्या. मॅटची गरजच नव्हती.

अशी बघण्याची पाच ठिकाणं ध्यानात ठेवा: उठणं, वळणं, उंबरठा ओलांडणं, दार उघडणं, बसणं. सरळ चालणं बघण्यात सगळा वेळ घालवू नका.

एक अवघड विषय. आपल्याकडे उजव्या हाताने जेवायचं आणि डाव्या हाताने धुवायचं. ज्याचा एक हात गेला त्याला दोन्ही कामं एकाच हाताने करावी लागतात. कितीतरी पेशंट याच कारणाने जेवायला दुसऱ्याच्या हाताची वाट बघतात किंवा जेवण कमी करतात, आणि हे कोणी आपणहून सांगत नाही. बाईंना विद्यार्थिनीने, पुरुषांना विद्यार्थ्याने, इतर कुणी खोलीत नसताना विचारा. जेट स्प्रे चांगल्या हाताच्या बाजूला घेता येतो का, हात धुवायला साबण आणि नळ त्या हाताच्या टप्प्यात आहे का, जेवायला चमचा चालेल का, हे बोलता येतं. माझ्या मते याच्याइतका उपयोगी प्रश्न अख्ख्या भेटीत दुसरा नाही.

६. आता टेप

आधी माणसाची मापं घ्या.

गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंतची उंची: पलंग, खुर्ची, कमोड स्टूल सगळं यावरून ठरतं. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. उठायला जड जात असेल तर एखाद-दोन इंच वाढवा, त्यापुढे पाय लोंबकळतात. काठीची उंची हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत हवी. काठी हॉस्पिटलमध्ये बूट घालून मापलेली असेल तर घरी अनवाणी चालताना ती उंच पडते. पुन्हा मापा.

मग घर. दाराची रुंदी चौकटीपासून चौकटीपर्यंत मोजायची नाही. दार उघडल्यावर फळी जिथे थांबते तिथून समोरच्या चौकटीपर्यंत मोजायची. यात दोन-तीन इंच सहज जातात आणि व्हीलचेअर तेवढ्यानेच अडते. व्हीलचेअरला मोकळी ३२ इंच जागा हवी, वळायला साधारण पाच फुटांचा गोल. पलंगाची उंची गादीवर माणूस बसलेला असताना घ्या.

रॅम्प लिहिण्याआधी गणित करा. एक इंच चढायला बारा इंच लांबी. दोन इंचांच्या उंबरठ्याला दोन फूट, ठीक आहे. पण वाड्याचं जोतं दीड फूट उंच असेल तर अठरा फूट रॅम्प लागेल, आणि समोरची गल्लीच आठ फुटांची असते. तिथे प्रत्येक पायरीच्या निम्म्या उंचीची मधली पायरी आणि चांगल्या हाताच्या बाजूला कठडा हा उपाय बसतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. उतरताना चांगला हात दुसऱ्या बाजूला येतो हे विसरू नका, कठडा दोन्हीकडे लागतो.

ग्रॅब बारसाठी खडू. पेशंटला स्टुलावर बसवा, उठायला सांगा, हात आपोआप जिथे जातो तिथे भिंतीवर खूण करा. मी इंटर्न असताना हे न करता मोकळी भिंत बघून बार सुचवला होता. बसल्यावर ती भिंत त्या आजोबांच्या लुळ्या बाजूला येत होती. बार पक्का बसला, चांगला होता, आणि तिसऱ्याच दिवशी आजोबांनी चांगल्या हाताने समोरचा टॉवेलचा रॉड धरून उठायचा प्रयत्न केला. रॉड भिंतीतून निघाला. कोपर फुटलं, हाड वाचलं. त्यानंतर हाताची जागा बघितल्याशिवाय मी भिंतीकडे बघितलेलं नाही.

*तपासा:* जुन्या वाड्यांच्या माती-विटांच्या भिंतीत बोल्ट धरेलच असं नाही. मिस्त्रीला घेऊन भिंत ठोकून बघा. धरत नसेल तर जमिनीला पक्का केलेला खांब किंवा दोन्ही बाजूंना हात असलेली फ्रेम. आणि मिस्त्रीला माप इंचात आणि सुतात द्या. सेंटिमीटर रिपोर्टपुरते.

७. शिफारसी: तीनच

बारा शिफारसी दिल्या की एकही होत नाही. तीन द्या आणि त्यातली पहिली बिनपैशाची असू दे: पलंगाची बाजू फिरवणं, पायपुसणं उचलणं, रोजची भांडी वरच्या फळीवरून ओट्यावर आणणं. दुसरी थोड्या खर्चाची. बांधकामाची असलीच तर ती शेवटी, आणि घर भाड्याचं असेल तर घरमालकाला विचारून.

उंबरठा काढून टाका असं सांगू नका. त्याची पूजा होते. दोन्ही बाजूंना लाकडी उतार आणि कडेला ठळक रंगाची पट्टी लावली की काम होतं.

संडासावर ठेवायचं स्टूल घेताना चारही पायांना रबर आहे का, संडासात पाय ठेवायच्या जागांच्या बाजूला ते सपाट बसतं का, हे बघा. विकत घेण्याआधी पायांमधलं अंतर मापा.

गरम-गार कळत नसेल तर हे घरच्यांकडून म्हणवून घ्या: बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि पाणी बघायचं ते चांगल्या हाताने.

"हात परत येईल का?"

हा प्रश्न येणारच, बहुतेक वेळा तुम्ही दाराशी चपला घालत असताना, दबक्या आवाजात. "येईल हो, काळजी करू नका" म्हणायचं नाही. आणि "सांगता येत नाही" म्हणून निघून जायचंही नाही. आज जे बघितलं ते सांगा: "बोटं अजून हलत नाहीत, पण आज त्या हाताने त्यांनी ताट दाबून धरलं. ते रोज करू द्या. बाकीचं डॉक्टर आणि मॅडम तपासून सांगतील." घरी जाताना सिटीलिंकच्या बसमध्ये रडू आलं तर ते लपवू नका, जोडीदाराशी बोला, दुसऱ्या दिवशी मॅडमशी बोला. दर वर्षी कोणीतरी हे एकट्याने वाहून नेतं आणि मग घरभेटी टाळू लागतं.

८. रिपोर्ट त्याच रात्री

दोन दिवसांनी लिहिला की सगळी घरं एकसारखी होतात. "बघितलं" आणि "सांगितलं" असे दोन रकाने करा. "रात्री तीनदा उठतात" हे सांगितलेलं. "मोरीचं दार उघडताना काठी सोडली" हे बघितलेलं. कॉलेजला द्यायचा रिपोर्ट इंग्रजीत असेलच. घरच्यांसाठी मात्र मराठीत, मोठ्या अक्षरात, एका पानावर तीन शिफारसी लिहून द्या, फ्रिजवर लावता येईल असं.

आठवड्याने फोन करा, तीन आठवड्यांनी पुन्हा जा. सुचवलेलं स्टूल बाल्कनीत पडलेलं आणि त्यावर कपडे वाळत घातलेले दिसले तर कुणाला बोलू नका. पेशंटला त्यावर बसायला सांगा आणि बघा. बहुतेक वेळा ते हलत असतं, टोचत असतं किंवा एक-दीड इंचाने उंच असतं. तिथेच टेप काढा, पाय किती कापायचे ते खडूने स्टुलावर लिहा आणि सुताराकडे कोण घेऊन जाणार त्याचं नाव वहीत टिपून घ्या.